पट्ट्यांमधली नागीण

कर्जतकडे जाताना कल्याणच्या पुढचं स्टेशन विठ्ठलवाडी. इथे लग्नाची वरात रंगात आली की कीबोर्डवाला नागिणीची धून धरतो. मग एक जण रुमालाचं टोक दातांत पकडून गारुडी होतो, दुसरा रस्त्यावर लोळायला लागतो. कंपनी कुठलीही असो, वाद्याला सगळे ‘कॅसिओ’च म्हणतात. वादकाचा उजवा हात पट्ट्यांवर फिरतो. नागीण डोलते ती मात्र डाव्या हाताने, सूर वाकवणाऱ्या दांडीवर.

मूळ धूनही पुंगीची नव्हती. १९५४ च्या ‘नागिन’चे संगीतकार हेमंत कुमार. त्यातली बीन कल्याणजी वीरजी शहा यांनी क्लॅव्हिओलिनवर वाजवली. फ्रान्सच्या कॉन्स्टंट मार्टिन यांनी १९४७ मध्ये घडवलेलं हे वाद्य व्हॉल्व्हवर चालायचं आणि एका वेळी एकच सूर काढायचं. पुंगीचं काम त्याला तेवढ्यावर जमलं.

पेटीवर आपल्याकडे जुना आक्षेप आहे: तिच्यातून मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर अखंड सरकणं, निघत नाही. १९४० मध्ये रेडिओवर तिला बंदी झाली, तेव्हाच्या वादातही हा मुद्दा होताच. ॲनालॉग सिंथेसायझरने नेमकी ही अडचण सोडवली. रॉबर्ट मूग यांच्या पद्धतीत विजेचा दाब एक व्होल्टने वाढला की सूर एक सप्तक चढतो. हा दाब झटक्यात न बदलता सावकाश चढू दिला, तर स्वर मधल्या सगळ्या जागा घेत पुढच्या स्वराला भिडतो. १९७० च्या मिनीमूगवर तर सूर वाकवायला डाव्या हाताशी चाकच दिलं होतं.

मुंबईच्या स्टुडिओंत वाजवणारे चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये रोलँडची ज्युपिटर-८, टीबी-३०३ आणि टीआर-८०८ ही यंत्रं घेऊन भैरवी, ललत, मालकंस असे दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर ध्वनिमुद्रित केले. टीबी-३०३ बनवलं होतं बेस गिटारवाल्याच्या जागी. पण त्यात सुरावरून सुरावर घसरण्याची सोय होती. रेकॉर्ड फारशी कुणाच्या लक्षात राहिली नाही, टीबी-३०३चं उत्पादनही १९८४ मध्ये थांबलं. मग स्वस्तात मिळणाऱ्या त्याच यंत्रावर शिकागोच्या फ्यूचर या गटाने १९८७ मध्ये ‘ॲसिड ट्रॅक्स’ काढलं आणि ॲसिड हाऊस हे नृत्यसंगीत जगभर पोचलं. २०१० मध्ये सिंग यांची रेकॉर्ड पुन्हा निघाली, तेव्हा तिच्यात ॲसिड हाऊससारखाच नाद ऐकून लोक तारीख पुन्हापुन्हा तपासू लागले. सिंग २०१५ मध्ये गेले.

आज ही जुनी यंत्रं शौकीन लोक भारी किंमत मोजून घेतात. त्यांचे लाडही पुरवावे लागतात: तापली की सूर सरकतो, वाजवण्याआधी तंबोऱ्यासारखी जुळवून घ्यावी लागतात. वरातीतला कीबोर्ड डिजिटल, त्याला असली खोड नाही. दांडी मात्र त्यालाही ठेवावी लागली आहे. ती बिघडली तर धून ओळखू येईल. रुमालवाला मात्र जागचा हलणार नाही.