सॉनास्नान आणि शरीरातील रसायने

विनयपिटकाच्या चुल्लवग्गात एक प्रसंग आला आहे. वैशाली येथे पक्वान्नांच्या भोजनाने भिक्खूंची शरीरे जड होऊन ते आजारी पडू लागले. हे पाहून वैद्यराज जीवकाने भगवान बुद्धांना विनंती केली आणि तथागतांनी भिक्खूंना चंक्रमण व जंताघर यांची अनुज्ञा दिली. जंताघर म्हणजे अग्नीने तापविलेली स्नानाची खोली. याच स्वरूपाची प्रथा फिनलंडमध्ये आजही घरोघर आहे. तिला सॉना म्हणतात. सुमारे ५५ लाख लोकवस्तीच्या त्या देशात अंदाजे ३० लाख सॉना आहेत. तेव्हा या स्नानाने शरीरात नेमके काय घडते, ते आपण पाहू.

सॉनाच्या लाकडी खोलीत हवा बरीच कोरडी असते व तापमान ८० ते १०० अंश सेल्सिअस. माणूस तेथे १०-१५ मिनिटे बसतो आणि बाहेर येऊन अंग थंड करतो. या अल्पकाळात नाडी जलद होते. रक्तवाहिन्यांच्या अस्तरातून नायट्रिक ऑक्साइड सुटते व वाहिन्या सैल होतात. रक्तातील नॉरअ‍ॅड्रिनलीन वाढते. घामावाटे सुमारे अर्धा लिटर पाणी आणि काही मीठ जाते. ते अधिक जाऊ नये म्हणून अल्डोस्टेरॉन व व्हॅसोप्रेसिन ही संप्रेरके मूत्रपिंडांना पाणी-मीठ राखण्याचा आदेश देतात. पेशी आपल्या प्रथिनांच्या रक्षणासाठी विशेष प्रथिने तयार करतात. विश्रांतीनंतर काही तासांत बहुतेक संप्रेरके पूर्वपदावर येतात. वारंवार उष्णता सोसून सवय झालेल्या शरीरात मात्र रक्तद्रव वाढतो, घाम लवकर सुटतो आणि त्यात मीठ कमी जाते.

घामाने अंगातील विष निघून जाते, असा समज सर्वत्र आढळतो. तो आम्हांस घातक वाटतो. घाम म्हणजे सुमारे ९९ टक्के पाणी. रक्तशुद्धीचे काम यकृत व मूत्रपिंडे करतात. स्नानानंतर कमी भरलेले वजन हे पाण्याचे असते, चरबीचे नव्हे. या समजापोटी औषधे सोडणारा रुग्ण स्वतःचेच नुकसान करतो.

पूर्व फिनलंडमधील २,३१५ मध्यमवयीन पुरुषांची सुमारे २० वर्षे पाहणी करण्यात आली. तिचे निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाले. आठवड्यातून एकदा सॉना घेणाऱ्यांच्या तुलनेत ४ ते ७ वेळा घेणाऱ्यांत हृदयविकाराने अचानक मृत्यू येण्याचे प्रमाण ६३ टक्के कमी आढळले. परंतु ही केवळ पाहणी होती. जो मुळात निरोगी आहे तोच वारंवार सॉनात जाऊ शकतो, हेही ध्यानात घेतले पाहिजे.

म्हणून आमचे सांगणे एवढेच की, लाभ आहे तो मोजक्या ताणाचा व त्यानंतरच्या विश्रांतीचा. मद्य घेऊन सॉनात जाऊ नये. चक्कर येताच बाहेर यावे व पाणी प्यावे. नुकताच हृदयविकाराचा झटका आलेल्यांनी सॉना टाळावा आणि रक्तदाबाची औषधे घेणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे. भिक्खूंनाही ही अनुज्ञा वैद्याच्या सल्ल्यावरूनच मिळाली होती.