लोखंडी कैची : रंगाआधीची पाहणी

मंडळी, शाळेची पडवी वाढवायची असो, धान्याचं गोदाम घालायचं असो की गुरांसाठी छप्पर, आता लाकडाऐवजी लोखंडी कैच्या आणि वर पत्रे, हाच विचार प्रथम मनात येतो. काम लवकर उभं राहतं आणि वाळवीचं भय नसतं. पण कैचीला एकदा रंग चढला, की पक्कं काम आणि कच्चं काम सारखंच दिसू लागतं. फरक कळतो तो वळिवाच्या वाऱ्यात. आणि त्या वेळी खाली मुलं बसलेली असू शकतात. म्हणून पाहायचं ते रंगाच्या आधी.

पहिली गोष्ट आराखड्याची. कैचीची रुंदी, अँगलची जाडी, प्रत्येक सांध्याची लांबी या गोष्टी अंदाजावर सोडू नयेत. अभियंत्याकडून त्या कागदावर लिहून घ्याव्यात व त्याची एक प्रत कारागिराच्या हाती द्यावी.

दुसरी गोष्ट मालाची. ५० मिलिमीटर रुंद आणि ६ मिलिमीटर जाड अँगलचं वजन मीटरला सुमारे ४.५ किलो, म्हणजे ६ मीटरचा नग २७ किलोच्या आसपास भरतो. तोच नग २३ किलो भरला, तर तो ५ मिलिमीटरचा समजावा. डोळ्यांना हा फरक दिसत नाही, काट्याला दिसतो. गोल सळईचा हिशेब याहून सोपा आहे. मिलिमीटरमधल्या व्यासाचा वर्ग करा आणि त्याला १६२ ने भागा. मीटरचं वजन किलोत मिळतं. १२ मिलिमीटरची सळई मीटरला सुमारे ०.८९ किलो भरते. गुरुजी, हे गणित वर्गात जरूर घाला.

तिसरी गोष्ट आखणीची. छपराची जागा ८ मीटर लांब आणि ६ मीटर रुंद असेल, तर दोन्ही कर्ण बरोबर १० मीटर भरले पाहिजेत. दोन कर्णांत फरक आला, की चौकट तिरकी झाली. पायात बोल्ट बसवण्याआधी फीत धरून हे पाहावं.

चौथी गोष्ट वेल्डिंगची. तापलेला सांधा थंड होताना आकसतो. एकाच बाजूने सलग वेल्डिंग केलं, तर सरळ अँगलही ओढला जाऊन वाकतो. म्हणून आधी सगळीकडे लहान लहान टाके मारावेत, मापं पुन्हा पाहावीत आणि मग आलटून पालटून दोन्ही बाजूंनी सांधे भरावेत. वेल्डिंगच्या कांड्या कोरड्या ठेवाव्यात. ओल धरलेल्या कांडीने सांध्यात बारीक भोकं पडतात. सांध्यावरची काचेसारखी साल हातोडीने काढल्याशिवाय आतलं काही दिसत नाही. ती काढायला लावा. भोकं, चिरा, अर्धवट भरलेली जागा दिसली, तर तो सांधा घासून पुन्हा करून घ्या. त्यानंतर तारेच्या ब्रशने गंज काढून रेड ऑक्साइडचा हात द्यावा आणि मग रंग.

पाचवी गोष्ट वाऱ्याची. आपल्याला वाटतं, वारा छप्पर खाली दाबतो. पण पुष्कळदा तो ते वर उचलतो. म्हणून पत्रे पट्ट्यांना, पट्ट्या कैचीला, कैची खांबाला आणि खांब पायाला अशी साखळी कुठेही ढिली असता कामा नये. शिवाय तिरपे ताण हवेत. का, ते मुलांना दाखवा. चार लाकडी पट्ट्या खिळ्यांनी जोडून चौकोन करा. तो सहज कलतो. त्यात एक पट्टी तिरपी ठोका. तो हलत नाही. कैची त्रिकोणांची बनलेली असते, ती याच कारणासाठी.

शेवटी एक इशारा. १९०७ साली कॅनडात क्वेबेकचा पोलादी पूल बांधकाम चालू असतानाच कोसळला आणि ७५ कामगार दगावले. दाबाखालचे भाग वाकू लागल्याचं काही दिवस आधीच दिसलं होतं. पण काम वेळीच थांबलं नाही. आपली कैची लहान असली, तरी नियम तोच. एखादा भाग वाकलेला दिसला, तर ‘चालतंय’ म्हणू नका. काम थांबवा आणि अभियंत्याला बोलवा. एक दिवस उशीर झाला, तर शाळेचं काही बिघडत नाही.