आमरसाच्या डब्याची चूल

१५ फेब्रुवारी २०२१च्या पहाटे हिवाळी वादळात टेक्सासची वीजयंत्रणा कोसळण्याच्या बेतात आली आणि ती वाचवण्यासाठी राज्यभर वीज तोडावी लागली. दुसऱ्या दिवशी डॅलस-फोर्टवर्थ विमानतळावर पारा उणे १९ अंश सेल्सिअसच्या आसपास उतरला. १९४९नंतर त्या भागात इतकी थंडी पडली नव्हती. या विमानतळाला खेटून असलेल्या अर्विंगमध्ये भारतीयांची मोठी वस्ती आहे, त्यात मराठी घरंही आहेत. हीटरपासून स्वयंपाकापर्यंत सगळं विजेवर चालणाऱ्या घरात अशा वेळी चहाचं आधणही ठेवता येत नाही.

टेक्सासच्या सरकारी नोंदीत त्या वादळाचे २४६ बळी आहेत. त्यांतले १९ कार्बन मोनॉक्साइडने गेले. बंद जागेत मोटार, जनरेटर किंवा कोळशाची शेगडी चालू ठेवली की हा वायू साठतो. तो दिसत नाही आणि त्याला वासही नसतो. म्हणून वीज नसताना टाकाऊ डब्यांची चूल बनवायची, तर ती उघड्यावरच पेटवायची. गॅरेजचं दार वर केलं म्हणजे उघडं झालं, असं नाही.

अशी चूल महाराष्ट्राला नवी नाही. रॉकेलची मारामार असायची त्या काळात घरोघरी भुशाची शेगडी असे. पत्र्याच्या डब्याला तळाशी बाजूने भोक पाडायचं, मधोमध एक बाटली उभी धरायची, भोकातून एक दांडका आडवा सारून तिला टेकवायचा आणि भोवती लाकडाचा भुसा ठासून भरायचा. मग दोन्ही अलगद काढून घेतले की आत काटकोनी बोगदा तयार होई. खालून पेटवलं की हवा आडव्या वाटेने शिरे, ज्वाळा उभ्या वाटेने वर येई आणि भुसा आतून बाहेर सावकाश, तासन्‌तास जळत राही.

अमेरिकेत ऑरेगॉनच्या अप्रोवेचो संशोधन केंद्रातले लॅरी विनियार्स्की यांनी १९८०च्या दशकात ‘रॉकेट स्टोव्ह’ची तत्त्वं मांडली, तीही याच काटकोनावर उभी आहेत. फरक इतकाच, की इथे बोगदा पत्र्याचा असतो आणि त्यात काटक्या जळतात.

परदेशातल्या मराठी घरात आमरसाचा ८५० ग्रॅमचा डबा हमखास सापडतो. त्याचा व्यास साधारण १० सेंटिमीटर, म्हणजे बोगद्याला अगदी बेताचा. दोन-तीन डब्यांची बुडं कापून उभं नळकांडं करायचं. तळाच्या डब्याला बाजूने गोल छेद देऊन त्यात आणखी एक डबा आडवा बसवायचा. आचेच्या वर नळकांडं व्यासाच्या दुप्पट-तिप्पट उंच असलं, की ओढ चांगली बसते आणि धूर वर जाता जाता जळून जातो. ही जोडणी पत्र्याच्या बादलीत ठेवून भोवती राख किंवा बागकामाच्या दुकानातलं पर्लाइट भरायचं. वाळू नको, ती उष्णता पिऊन टाकते. आडव्या डब्यात पत्र्याची फळी बसवायची: वर काटक्या, खाली हवेची वाट. काटक्यांची फक्त टोकं जळू द्यायची आणि जळतील तशा त्या आत सारायच्या. भांडं नळकांड्यावर थेट टेकवलं तर ओढ गुदमरते, म्हणून खाली तीन खिळे किंवा जाळी हवी.

सामान निवडताना मात्र काळजी घ्यावी. जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा तापला की विषारी धूर सोडतो. रसायनांचे, थिनरचे पिंप कापायला जाऊ नये. आतली वाफ ठिणगीने भडकते. जुन्या कुंपणाचं लाकूडही टाळावं. २००३च्या अखेरीपर्यंत अमेरिकेत घरगुती वापराच्या लाकडाला आर्सेनिकयुक्त द्रावण सर्रास पाजलं जाई. मालाच्या लाकडी पॅलेटवरचा शिक्का वाचावा: ‘एचटी’ म्हणजे नुसतं तापवलेलं, ‘एमबी’ म्हणजे मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेलं. दुसरं चुलीत घालू नये.

जागेचाही प्रश्न असतोच. अमेरिकेतल्या अनेक शहरांनी स्वीकारलेल्या आगप्रतिबंधक नियमावलीत अपार्टमेंटच्या लाकडी बाल्कनीत किंवा पेट घेणाऱ्या बांधकामापासून सुमारे ३ मीटरच्या आत उघड्या आचेवर स्वयंपाक करायला मनाई आहे. परसदार असलेल्यांनीही आधी शहराचे नियम पाहावेत आणि शेजारी पाण्याची बादली ठेवावी.

डब्याचा पत्रा पातळ असल्याने आतलं नळकांडं काही दिवसांच्या वापरात जळून झिजतं. ते बदलता येतं, आणि मराठी मंडळाच्या पाडव्याला आमरसपुरीचा बेत असला, तर डब्यांची ददात पडायची नाही.