झाडाला आधीच सावध करणारं रसायन

बुरशीवर बुरशीनाशक चालतं, किडीवर कीटकनाशक. विषाणू मात्र पेशीत शिरून तिच्याच यंत्रणेवर वाढतो. त्याला मारायला जावं तर झाडच जायबंदी होतं. म्हणूनच भेंडीवर हळद्या हा विषाणूरोग दिसला की रोपं उपटा आणि तो पसरवणारी पांढरी माशी आवरा, याहून वेगळा सल्ला शेतकऱ्याला क्वचितच मिळतो. पण झाड अगदीच निमूटपणे मार खात नाही. 1961 साली अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात फ्रँक रॉस यांनी तंबाखूच्या काही पानांवर मोझॅकचा विषाणू चोळला. काही दिवसांनी त्याच झाडाच्या निरोगी पानांवर तोच विषाणू चोळला, तेव्हा डाग कमी आणि लहान उठले. पुढे 1979 मध्ये इंग्लंडच्या रोदॅमस्टेड संशोधन केंद्रात आर. एफ. व्हाइट यांनी तंबाखूच्या पानात चक्क अ‍ॅस्पिरिन टोचलं आणि तसाच परिणाम मिळवला. 1990 मध्ये उलगडा झाला: विषाणू लागला की तंबाखू स्वतःच अ‍ॅस्पिरिनच्या नात्यातलं सॅलिसिलिक आम्ल वाढवते. या आम्लाची नक्कल करणारं अ‍ॅसिबेन्झोलार 1996 साली युरोपात आलं, तेही गव्हाच्या भुरी या बुरशीरोगासाठी; नंतर अमेरिकेत जॉर्जियाच्या तंबाखूत फुलकिड्यांनी पसरणाऱ्या विषाणूविरुद्ध ते रोपवाटिकेतच देऊ लागले.

मग हे विषाणूवरचं औषध झालं का? नाही, आणि इथेच गफलत होते. रॉस आणि व्हाइट यांच्या तंबाखूत त्या विषाणूला रोखणारं जनुक मुळात होतंच. रसायनाने असलेल्या ताकदीला धार लावली. रोग भिनल्यावर फवारून फारसं हाती लागत नाही. शिवाय सावधपणा फुकट नसतो: रोगकारक नसताना अ‍ॅसिबेन्झोलार दिलेल्या गव्हाची वाढ खुंटली आणि दाणे कमी भरले, असं 2000 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात दिसलं. या आक्षेपात तथ्य आहे, पण त्यातून निघतं ते एवढंच, की मात्रा आणि वेळ सांभाळावी लागेल. जिथे विषाणू दरवर्षी हमखास येतो तिथे थोडी वाढ गमावून पीक वाचवणं परवडतं. जिथे तो क्वचित येतो तिथे नाही. वाहक कीड आवरणं आणि सहनशील वाण निवडणं काही सुटत नाही. म्हणून दुकानात ‘इम्युनिटी बूस्टर’ची बाटली पुढे आली, तर पैसे मोजण्याआधी विचारा: हे कोणत्या पिकात, कोणत्या विषाणूवर तपासलंय, आणि फवारणी लागण होण्याआधी केली होती की नंतर?