लेक मुलाखतीला निघाली

परगावी लग्नाला जायचे असले, की आपण आठ दिवस आधी तयारीला लागतो. कपडे काढतो, आहेर बांधतो, गाडीची वेळ विचारून ठेवतो. पोरीची मुलाखत मात्र आदल्या रात्री आठवते. मग धावपळ होते आणि नेमका हवा तो कागद घरीच राहतो.

मुलाखत म्हणजे काय? नोकरी देणारी माणसे समोर बसवून प्रश्न विचारतात आणि हे माणूस आपल्या कामाचे आहे का, ते पाहतात.

समजा, तुमचे गाव मोहोळ तालुक्यात आहे. तुमची मुलगी बी. एस्सी. झाली. तिला पुण्याच्या हडपसरहून, सीरम इन्स्टिट्यूटमधून बोलावणे आले. ही लस तयार करणारी फार मोठी कंपनी आहे. सायरस पूनावाला यांनी ती 1966 साली काढली. त्यांच्या घरी घोड्यांची पैदास होत असे. आता घोड्याचा आणि औषधाचा काय संबंध, असे तुम्ही म्हणाल. तर ऐका. धनुर्वाताचे विष, जोर कमी करून, घोड्याला थोडे थोडे टोचत. घोड्याच्या रक्तात त्या विषाला मारणारा अंश तयार होई. रक्त गोठल्यावर वर जे पिवळसर पाणी सुटते, त्यात तो अंश असतो. त्या पाण्यालाच सीरम म्हणतात. पुढे कंपनी लसी बनवू लागली. 2021 साली तुमच्यापैकी पुष्कळांनी करोनाची कोव्हिशील्ड लस टोचून घेतली असेल. ती शोधली इंग्लंडात, पण आपल्याकडची बनली इथेच.

बोलावणे आले की पहिल्यांदा ते खरे आहे का पाहा. मोबाईलवर कोणीही काहीही लिहून पाठवतो. कंपनीच्या संकेतस्थळावरचा फोन नंबर शोधून तिथे विचारा. आलेल्या निरोपातल्या नंबरावर विचारू नका, कारण लबाडाचा नंबर लबाडच उचलणार. आणि कोणी पैसे मागितले, मग ते अर्जाचे म्हणो, गणवेशाचे म्हणो, की साहेबांच्या चहापाण्याचे म्हणो, तिथेच थांबा. माझ्या ओळखीच्या एका गृहस्थांनी दुभती म्हैस विकून दलालाला पैसे दिले. दलाल गेला, म्हैसही गेली. पोरगा अजून त्यांच्याशी नीट बोलत नाही.

आता कागद. दहावी, बारावी आणि पदवीच्या गुणपत्रिका, आधार कार्ड, फोटो, आणि बोलावण्याचा कागद. सगळ्यांच्या दोन दोन झेरॉक्स घ्या. नाव सगळीकडे सारखे आहे का, तेही पाहा. एका कागदावर बापाचे नाव पांडुरंग आणि दुसऱ्यावर पांडू असले, तर खुलासा करावा लागतो. मी 1981 साली मास्तरकीच्या मुलाखतीला गेलो, तेव्हा कागदांची पेटी एसटीच्या टपावर टाकली होती. वाटेत पाऊस लागला. शाईचे ओघळ झालेले प्रमाणपत्र मी साहेबांपुढे धरले, तेव्हा माझा हात कापत होता. म्हणून सांगतो, कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घाला आणि पिशवी मांडीवर ठेवा.

मोहोळहून हडपसर दोनशे किलोमीटरच्या वर आहे. टेंभुर्णी, इंदापूर, भिगवण, पाटस, यवत, उरुळी कांचन अशी गावे घेत एसटी जाते. पाच तास सहज लागतात. सकाळी दहाची वेळ असली, तर आदल्या दिवशीच निघावे. आपल्या भागातली कितीतरी माणसे पोटासाठी हडपसरला राहतात. त्यांच्याकडे रात्र काढावी. 2023 च्या मार्चपासून बायकांना एसटीचे तिकीट निम्मे झाले आहे, हे विसरू नका. हडपसर पुण्याच्या अलीकडे लागते. कंडक्टरला आधीच सांगून ठेवा, ‘भाऊ, गाडीतळाला उतरायचे आहे.’ डोळा लागला तर पोरगी थेट स्वारगेटला पोचेल आणि उलट यावे लागेल.

बापाने सोबत जायला हरकत नाही, पण फाटकापर्यंतच. आत जाऊन पोरीऐवजी आपण उत्तरे देऊ नयेत. काही बाप देतात.

आत काय विचारतील? शिकलेले विचारतील, ते तिचे तिला येईल. पण लसीच्या कारखान्यात दुसरेही एक पाहतात. लस 2 ते 8 अंश सेल्सिअस एवढ्या थंडाव्यात ठेवावी लागते. जास्त तापली की ती निकामी होते, आणि नुसते पाहून हे कळत नाही. म्हणून किती वाजता किती अंश होते, ते कोणी पाहिले, हे सगळे लिहून ठेवतात. समजा, लिहिताना सहाच्या जागी नऊ पडले. मग काय करायचे? रबराने खोडायचे नाही. गिरवून काळे करायचे नाही. नवावर एकच आडवी रेघ मारायची, म्हणजे नऊ वाचता आले पाहिजेत. शेजारी सहा लिहायचे, सही करायची, तारीख घालायची. आम्ही शाळेत जन्मभर उलटे शिकवले. खाडाखोड दिसली की मी पोराच्या हातावर छडी मारी. पोरे चूक लपवायला शिकली, त्यात माझाही वाटा आहे.

मुलीला हे जाण्याआधी सांगा. ‘तुझ्या हातून चूक झाली तर काय करशील?’ असे कोणी विचारले, तर ‘माझी चूक होतच नाही’ हे उत्तर चालणार नाही. ‘लगेच वरच्या साहेबांना सांगेन आणि लिहून ठेवेन’ असे म्हणावे, आणि पुढे तसे करावेही. ती बाटली शेवटी आपल्याच अंगणवाडीत येते आणि नर्सबाई त्यातली लस कुणाच्या तरी तान्ह्या पोराला टोचतात. एखादे उत्तर आले नाही, तर ‘साहेब, हे मला येत नाही’ असे सरळ सांगावे. थापा मारू नयेत.

नोकरी मिळाली की नाही, हे बहुधा त्याच दिवशी सांगत नाहीत. पोरगी बाहेर आली की लगेच ‘काय झाले, काय झाले’ करू नका. आधी तिला काही खायला घाला. सोलापूरकडची एसटी स्वारगेटहून भरून येते, गाडीतळाला बसायला जागा मिळेलच असे नाही. म्हणून परतीचे तिकीट आधीच काढून ठेवलेले बरे.