गळाच्या काठीवरचे आकडे आधी दुकानदाराने वाचावेत

गेल्या वर्षी आमचा भाचा गळाची नवी काठी घेऊन नाथसागराकडे गेला आणि संध्याकाळी तिचे दोन तुकडे घेऊन परतला. काठीवर ‘६ ते १० पौंड’ असे छापलेले होते. दुकानदाराने त्याला सांगितले होते की, ही साडेचार किलोचा मासा सहज उचलेल. भाच्याने ५० ग्रॅमचे शिसे आणि वर कणकेचा गोळा बांधून जोरात फेक केली. मासा लागण्याआधीच काठी मोडली.

त्याच काठीवर दुसरा आकडा होता, ५ ते १५ ग्रॅम. तो ना गिऱ्हाइकाने वाचला, ना दुकानदाराने.

पौंडाचा आकडा माशाचा नसून दोरीचा असतो. किती ताणाला तुटणारी दोरी या काठीला लावावी, हे तो सांगतो. दोरी त्याहून मजबूत लावली, तर ताण आल्यावर दोरीऐवजी काठी तुटते. ग्रॅमचा आकडा फेकायच्या वजनाचा. त्यात आमिष, शिसे, गळ सर्व धरावे. वजन कमी पडले तर काठी वाकत नाही आणि फेक जवळच पडते. जास्त झाले तर काठी मोडते. काही काठ्यांवर हे वजन औंसात असते. एक औंस म्हणजे सुमारे २८ ग्रॅम.

लाईट, मीडियम, हेवी ही काठीची ताकद, म्हणजे ती वाकवायला किती जोर लागतो त्याचे माप. झुडपातून मरळ ओढायला हेवी बरी. लहान आमिषाला लाईट. मात्र या शब्दांना सर्व कंपन्यांत एकच माप नाही. एकाची मीडियम ती दुसऱ्याची हेवी निघते. तयार कपड्यांच्या साईजचेही असेच आहे. म्हणून अक्षरापेक्षा ग्रॅमवर भरवसा ठेवावा.

आम्हा कापडवाल्यांना हा घोळ नवा नाही. सुताचा काउंट वाढला की धागा बारीक होतो, डेनियर वाढला की जाड. हे ठाऊक नसलेला विक्रेता गिऱ्हाइकाला उलटेच सांगून मोकळा होतो.

आपले तरुण या धंद्यात उतरत असतील तर त्यांनी दुकानात छोटा वजनकाटा ठेवावा. काय बांधणार, हे गिऱ्हाइकाला विचारावे, ते तोलून दाखवावे आणि मगच काठी हातात द्यावी. जायकवाडीचा जलाशय १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे. तेथे परवानगीची चौकशी आधी करावी, हेही सांगावे.

प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बाजारात धान्याच्या राशीत हात घातला, तेव्हा आतले धान्य ओले निघाले. ओले धान्य वर का ठेवले नाही, असे त्यांनी विक्रेत्याला विचारले. आमच्या भाच्याच्या दुकानदाराने काही लपवले नव्हते, त्याला फक्त माहीत नव्हते. पण नुकसान गिऱ्हाइकाचेच झाले, आणि भाचा पुन्हा त्या दुकानाची पायरी चढला नाही. आपण जो माल विकतो त्याची माहिती करून घेणे, हाही हलाल रोजीचाच भाग आहे.