डेटाबेसमधले कऱ्हाडे, काळे आणि क्षीरसागर

'कऱ्हाडे' हे आडनाव संगणकात निदान तीन तऱ्हांनी साठवता येतं, आणि तिन्ही वेळा पडद्यावर ते हुबेहूब सारखंच दिसतं. त्यामुळे मंडळाच्या यादीत डोळ्यांना दिसणारे कऱ्हाडेकाका शोधखिडकीत नाव टाकल्यावर मात्र सापडत नाहीत. वर्गणी भरलेली असूनही त्यांना थकबाकीचा निरोप जातो. काका चिडतात, खजिनदार संगणकाला दोष देतात आणि फोन आपल्याला येतो. 'आपल्याला' अशासाठी म्हटलं, की घरात जो आयटीत असतो त्याच्या गळ्यात मंडळाची वेबसाइट कधी ना कधी पडतेच.

सभासदयादी, वाचनालयाची पुस्तकं, वधूवर सूचक, देणगीदार या सगळ्यांच्या मागे बहुतेक ठिकाणी मायएसक्यूएल, मारियाडीबी किंवा पोस्टग्रेस यांपैकी एक डेटाबेस असतो. तिन्ही फुकट आणि उत्तम आहेत. मी दिवसभर नोकरीत पोस्टग्रेसचे सर्व्हर सांभाळते आणि रविवारी मराठी याद्या. या दुसऱ्या कामात जे अडथळे येतात ते इंग्रजी पुस्तकांत फारसे सापडत नाहीत, म्हणून इथे लिहिते आहे.

आधी कऱ्हाड्यांचं बघू. युनिकोडमध्ये 'ऱ' हे स्वतंत्र अक्षर आहे आणि इनस्क्रिप्ट कीबोर्डवर त्याला वेगळी कळ आहे. पण 'र' खाली नुक्ता देऊनही तेच अक्षर तयार होतं. तिसरा मार्ग म्हणजे साधा 'र', हलन्त आणि त्यापुढे न दिसणारं एक जोडचिन्ह, ज्याला झिरो विड्थ जॉइनर म्हणतात. कोणी कोणत्या कीबोर्डवरून टाइप केलं यावर काय साठवलं जाईल ते ठरतं. पोस्टग्रेस तुलना करतो ती बाइट्सची. त्याला दिसण्याशी देणंघेणं नाही. 'ॲड.' या वकिलांच्या उपाधीचंही तसंच. 'ॲ' एकसंध लिहिता येतो, 'अ' वर चंद्र देऊन लिहिता येतो, आणि काही जण हिंदी वळणाचा 'ऍ' वापरतात.

उपाय असा: मूळ नाव जसं आलं तसंच ठेवा आणि शेजारी शोधापुरता एक वेगळा रकाना करा. पोस्टग्रेसमध्ये तेराव्या आवृत्तीपासून नॉर्मलाइझ नावाचं फंक्शन आहे. नुक्त्याचा 'ऱ' आणि एकसंध 'ऱ' यांना ते एकाच रूपात आणतं. अदृश्य जोडचिन्ह मात्र त्याच्या आवाक्यात नाही, चंद्राचा 'ॲ' सुद्धा नाही. ते बदल आपल्यालाच रिप्लेसनं करावे लागतात, आणि तेही क्रमानं. आधी र-हलन्त-जोडचिन्ह या तिघांच्या जागी ऱ-हलन्त आणा, मगच उरलेली जोडचिन्हं काढा. उलट केलंत तर कऱ्हाडे यांचे 'कर्हाडे' होतील. हा रकाना 'जनरेटेड' प्रकारचा केला (बाराव्या आवृत्तीपासून सोय आहे), की नवीन नाव भरताना तो आपोआप भरतो. शोधायला आलेला शब्दही त्याच गाळणीतून काढायला विसरू नका. दीक्षित आणि दिक्षित यांचा गुंता यातून सुटत नाही. तो आपल्या शाळेतल्या बाईंनाही सुटला नव्हता.

आता प्रश्नचिन्हं. एका मंडळाची जुनी यादी नव्या सर्व्हरवर नेण्यासाठी माझ्याकडे आली, तेव्हा आजीव सभासदांच्या पहिल्या काही पानांत नावाच्या जागी नुसती प्रश्नचिन्हांची रांग होती. कागदी रजिस्टर वाड्याच्या दुरुस्तीत रद्दीत गेलेलं. ती नावं कुठल्याही आज्ञेनं परत येत नाहीत, कारण प्रश्नचिन्ह साठवलं गेलं की मूळ अक्षर संपलेलं असतं. शेवटी जुन्या स्मरणिका चाळून आणि दोन आजोबांना विचारून काही नावं भरली, काही राहिलीच.

याचं कारण साधं आहे. मायएसक्यूएलमध्ये ५.७ पर्यंत मूळ अक्षरसंच लॅटिन१ होता, आणि त्यात देवनागरीला जागाच नाही. २०१८ साली आलेल्या ८.० पासून यूटीएफ८एमबी४ हा मूळ संच झाला. मधल्या काळात अनेकांनी नुसता 'यूटीएफ८' निवडला. मायएसक्यूएलच्या त्या यूटीएफ८ मध्ये एका अक्षराला जास्तीत जास्त तीन बाइट मिळतात. देवनागरी अक्षराला तीनच लागतात, म्हणून मराठी नीट बसतं, पण इमोजीला चार लागतात. श्रद्धांजलीच्या निरोपात कोणी मध्येच हात जोडलेला इमोजी टाकला, की सैल सेटिंग असलेल्या सर्व्हरवर तिथून पुढचा सगळा मजकूर कापला जातो. जुन्या टेबलांत अजूनही 'यूटीएफ८' दिसत असेल तर ते बदलून घ्या.

प्रश्नचिन्हांऐवजी वर टिंबं-रेघा असलेली रोमन अक्षरं दिसत असतील, तर मात्र हुश्श म्हणा. तिथे मराठीचे बाइट बहुधा शाबूत असतात, फक्त त्यांच्यावरचं लेबल चुकलेलं असतं. हेक्स फंक्शननं रकान्यातले बाइट पाहा. सुरुवात 'ई शून्य, ए चार' अशी असेल तर ते खरं देवनागरी आहे. 'सी तीन, ए शून्य' दिसलं तर दोनदा रूपांतर झालेलं आहे, तेही उलटवता येतं. सगळीकडे 'तीन एफ' असेल, तर ती खरोखरची प्रश्नचिन्हं. पहिल्या प्रकारात रकाना आधी बायनरी करायचा आणि मग यूटीएफ८एमबी४. थेट बदललात तर मायएसक्यूएल त्या लॅटिन अक्षरांचंच इमानदारीनं भाषांतर करून ठेवतो. अर्थात हे सगळं आधी प्रतीवर करून पाहायचं.

श्री-लिपी किंवा कृतिदेवमध्ये टाइप केलेल्या जुन्या याद्या हा तिसराच प्रकार. तिथे डेटाबेसमध्ये मुळात रोमन अक्षरंच आहेत, मराठीपण फक्त फॉण्टमध्ये. त्यासाठी त्या त्या फॉण्टचा परिवर्तक लागतो. डेटाबेसचं कुठलंही सेटिंग उपयोगाचं नाही.

नावं वाचवली, की पुढची तक्रार येते क्रमाची. युनिकोडच्या तक्त्यात 'ळ' हा 'ल' च्या लगेच पुढे आहे, म्हणून काळे हे कावळे आणि काशीकर यांच्या आधी छापले जातात. क्षीरसागर 'क' च्या शेवटी जातात. आपल्या वर्णमालेत ह, ळ, क्ष, ज्ञ हे सगळ्यात शेवटी. पोस्टग्रेसमध्ये दहाव्या आवृत्तीपासून आयसीयू या ग्रंथालयाचे क्रमनियम वापरता येतात आणि त्यात मराठीचा वेगळा नियम आहे: 'एमआर-एक्स-आयसीयू'. क्रम लावताना हे कोलेशन सांगितलं की काळे आणि क्षीरसागर आपापल्या जागी जातात. यादी मोठी असेल तर इंडेक्सही त्याच कोलेशननं बांधा, नाहीतर क्रमासाठी तो वापरलाच जाणार नाही.

क्रमाचा हा विषय नुसता छपाईपुरता नाही, आणि नोकरीतही मी सगळ्यात जास्त धास्ती याचीच घेते. इंडेक्स म्हणजे जुन्या टेलिफोन डिरेक्टरीसारखी क्रमानं लावलेली वही. क्रमाचे नियम पोस्टग्रेस बऱ्याचदा लिनक्सच्या जीलिबसीकडून उसने घेतो. ऑगस्ट २०१८ मध्ये जीलिबसी २.२८ आली आणि हे नियम मोठ्या प्रमाणावर बदलले. वही जुन्या क्रमानं लावलेली, शोधणारा नव्या क्रमानं पान उघडतो, आणि 'असं नाव नाही' म्हणून परत येतो. एरर येत नाही. उलट नाव नाहीच असं समजून तेच नाव दुसऱ्यांदा भरू दिलं जातं, युनिक अट असूनही. उबुंटू १८.०४ वरून २०.०४, डेबियन ९ वरून १०, रेड हॅट ७ वरून ८ असे सर्व्हर चढवताना हे घडतं. डॉकरमध्ये डेबियनची इमेज काढून त्याच डेटावर अल्पाइनची लावली तरी तसंच, कारण अल्पाइनचं ग्रंथालय वेगळं आहे.

उपाय म्हणजे री-इंडेक्स. बाराव्या आवृत्तीपासून ते 'कंकरंटली' करता येतं, म्हणजे वापर चालू राहतो. आधी तपासायचं असेल तर ॲमचेक हे एक्स्टेन्शन आहे. पंधराव्या आवृत्तीपासून डेटाबेसशी जोडतानाच कोलेशनची आवृत्ती जुळत नसल्याचा इशारा मिळतो. त्या इशाऱ्यासोबत 'रिफ्रेश कोलेशन व्हर्जन' ही आज्ञाही सुचवलेली असते आणि पुष्कळ जण तेवढीच चालवून मोकळे होतात. तिनं फक्त इशारा गप्प होतो, वही तशीच राहते. आधी री-इंडेक्स, मग रिफ्रेश. सतराव्या आवृत्तीत पोस्टग्रेसचं स्वतःचं कोलेशनही आलं आहे. ते लिनक्सच्या नियमांवर अवलंबून नाही, पण क्रम युनिकोडच्या तक्त्याचाच. मी इंडेक्ससाठी तेच धरते आणि छापील यादीपुरतं मराठी कोलेशन सांगते.

आवृत्त्यांच्या तारखाही टिपून ठेवा. पोस्टग्रेसच्या प्रत्येक मोठ्या आवृत्तीला पाच वर्षं दुरुस्त्या मिळतात; तेराव्या आवृत्तीची मुदत नोव्हेंबर २०२५ ची, चौदाव्याची नोव्हेंबर २०२६ ची. मायएसक्यूएल ८.० ची एप्रिल २०२६ ची, त्यापुढची दीर्घ मुदतीची आवृत्ती ८.४. पोस्टग्रेस १८ सप्टेंबर २०२५ मध्ये आली. तिच्यात नव्या डेटाबेससाठी चेकसम आपोआप चालू असतात, म्हणजे डिस्कवर बिघडलेलं पान वाचताना निदान कळतं.

आणि कार्यकारिणीला यादी सीएसव्हीत देणार असाल, तर फाइलच्या सुरुवातीला बॉम हे छोटं चिन्ह घाला. ते नसेल तर एक्सेल ती फाइल यूटीएफ-८ आहे हे ओळखत नाही आणि नावांचा चिवडा दाखवतो. कोणीतरी तो चिवडा तसाच सेव्ह करून 'दुरुस्त यादी' म्हणून परत पाठवतं. अशी परत आलेली फाइल डेटाबेसमध्ये भरण्यापूर्वी कऱ्हाडे, ॲड., काळे आणि क्षीरसागर एवढी चार नावं तरी उघडून बघा.